निर्मळ अप्पा

अप्पांना घाण दिसते. तुम्हाआम्हाला जिथं खिडकी दिसते, तिथं त्यांना खिडकीच्या खाचेतली माती दिसते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर घरात रोजच ऑडिट चालू आहे. असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतोच. दोन झाले की सोसायटी फुटते.

नातवाच्या हट्टामुळे त्यांच्या डोंबिवलीच्या घरात माशांची दोन फुटी टाकी आली. नातवाचा उत्साह रीतसर महिनाभर टिकला. मग टाकी, फिल्टर आणि चार गोल्डफिश अप्पांच्या ताब्यात गेले, आणि एका रविवारी अप्पांनी पंचा नेसून बाह्या सावरल्या.

पुढचं आख्खी विंग जाणते, कारण बादल्या जिन्यातून जात होत्या. मासे टबात गेले. टाकीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसलं. खडे उकळले. काच मीठ-लिंबानं घासली. साबण लावू नका असं दुकानदारानं बजावलं होतं, ते तेवढं पाळलं. शेवटी फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज नळाखाली धरला आणि पांढरा होईपर्यंत पिळला. त्या पिळण्यात अप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मुलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं, असं काकू म्हणतात. नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले, वरून चिमूटभर दाणे टाकले.

एकही मासा वर आला नाही.

ज्या घरात पाहुणा दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय पानावरून उठू शकत नाही, त्या घरात हा सरळ अपमान होता. अप्पांनी आणखी दाणे टाकले. ते फुगून तळाला गेले. दुसऱ्या दिवशी मासे पर मिटून एका कोपऱ्यात. अप्पांना अपचनाची शंका आली आणि त्यांनी टाकीत घालायला ओव्याचा अर्क काढला. काकूंनी बाटली काढून घेतली. तिसऱ्या दिवशी, उभ्या आयुष्यात घरात अंडं न येऊ दिलेल्या या गृहस्थानं वाळवलेल्या किड्यांचं पाकीट आणलं आणि गॅलरीत, तुळशीपासून सुरक्षित अंतरावर ठेवलं. माशांनी त्याकडेही ढुंकून पाहिलं नाही.

“घर बदललं तेव्हा तुम्ही तरी कुठे जेवला होतात दोन दिवस?” काकू म्हणाल्या. अर्धं निदान तिथंच झालं होतं. अचानक सगळं पाणी बदललं, तापमान बदललं, की मासे बावरतात आणि खाणं सोडतात. पण काकूंचं ऐकून विषय संपवतील तर ते अप्पा कसले? टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन ते लोकलनं कुर्ल्याच्या मासेबाजारात गेले.

दुकानातल्या पोरानं पाण्यात थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं.

“अमोनिया आहे. अंकल, फिल्टर कशानं धुतला?”

“नळाखाली. अगदी स्वच्छ!”

“मग तुम्ही त्यांचे सफाई कामगारच मारलेत.”

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. स्पंजावर, खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही मंडळी वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. उकळत्या पाण्यापुढे आणि नळाच्या क्लोरिनपुढे मात्र त्यांचा टिकाव लागत नाही. वर न खाल्लेले दाणे कुजले की अमोनिया आणखी वाढतो. ओव्याचा विषयही पोरानं निकालात काढला: गोल्डफिशला जठरच नसतं.

उपाय अप्पांच्या प्रकृतीला न मानवणारे होते. दोन दिवस दाणे बंद. रोज फक्त पाव टाकी पाणी बदलायचं, तेही अँटिक्लोरिनचे थेंब टाकून आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके खळबळायचा, नळाखाली कधीच नाही. “आणि तो बुळबुळीतपणा?” अप्पांनी क्षीण आवाजात विचारलं. “तोच तर हवाय, अंकल.”

अप्पा पाणी बदलत राहिले, आणि आठवडा उलटायच्या आत मासे दाण्यांवर तुटून पडले. अप्पा सुधारले असं मात्र समजू नका. स्वभाव तोच, फक्त पक्ष बदलला. पूर्वी घाण काढण्यासाठी ओरडत, आता ती राखण्यासाठी ओरडतात. कामवाल्या मावशींना टाकीपासून चार हात लांब ठेवलंय. परवा सुनेनं स्पंज बदलूया म्हटलं, तर “अगं, वस्ती आहे ती!” म्हणून केवढ्यानं खेकसले.

तुमच्याही घरी टाकी आणि असे अप्पा दोन्ही असतील, तर त्यांच्या हाती काच पुसायचं फडकं खुशाल द्या. स्पंज तेवढा देऊ नका.