टाकाऊतून टिकाऊ

दर रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बालवर्गाचं आठवड्याचं वेळापत्रक येतं. सोमवारी लाल रंग, मंगळवारी ‘शेतकरी आपला मित्र’ (धोतर, पागोटं भाड्याने मिळेल), बुधवारी फळं. शुक्रवारी प्रकल्प, टाकाऊतून टिकाऊ. त्यासाठी लागणाऱ्या टाकाऊ आइस्क्रीमच्या काड्या स्टेशनरीच्या दुकानात नव्याकोऱ्या पाकिटात मिळतात. लेक साडेआठला झोपते, बाप बारापर्यंत डिंकाशी झटतो. गेल्या खेपेला स्टार मिळाला, पण तिच्या हातावर. एवढा अन्याय सोसावा लागतोच.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा साहित्य म्हणजे आसपास सापडणारे शंख-शिंपले, बिया, पानं, माती. फुकटचं, म्हणून फीच्या पावतीत त्याला रकाना नसावा. आता तीच माती ‘सेन्सरी किट’ म्हणून डबाबंद येते. निर्जंतुक.

परवा पालकसभेत कुणीतरी तक्रार केली, ‘‘मुलं वर्गात नुसती खेळतात हो!’’ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हेच खेळणं शिक्षणाचा पाया म्हणून छापलंय. बाईंनी मान डोलावली आणि सोमवारपासून अर्धा तास लेखन वाढवलं.