तुरळक ठिकाणी मौसमराव

नोएडाच्या सेक्टर १६ए मधल्या फिल्म सिटीत सिनेमे फारसे बनत नाहीत, बातम्या बनतात. तिथल्या प्रत्येक वाहिनीत ओरडणारी माणसं पुष्कळ असतात. बुलेटिनच्या शेपटाशी मात्र एक माणूस असा असतो, की ज्याला ओरडण्याइतकाही वेळ मिळत नाही. त्याच्या वाट्याला दीड मिनिट येतं. क्रिकेट लांबलं तर एक मिनिट, आणि कुणा आमदारानं पक्ष बदलला तर शून्य. हा हवामानवाला. या जमातीत अधूनमधून एखादा मराठी माणूस निघतो. त्या सगळ्यांचं मिळून एकच चित्र काढायचं म्हणून आपण त्यांना मौसमराव म्हणू.

मौसमराव दिल्लीला हवामान सांगायला आलेले नसतात. ते आलेले असतात कलेक्टर व्हायला. परभणी-लातूरकडून निघायचं, जुन्या राजेंद्रनगरात खिडकी नसलेली खोली घ्यायची आणि यूपीएससीला भूगोल हा वैकल्पिक विषय ठेवायचा. मग एकदा पूर्व, एकदा मुख्य असं करत वय संपतं, भूगोल उरतो. त्या उरलेल्या भूगोलावर वाहिनीत नोकरी लागते. कमी दाबाचा पट्टा म्हणजे रक्तदाबाचा प्रकार नव्हे, एवढं ठाऊक असलेला उमेदवार मुलाखतीला तो एकटाच असतो.

आता कामाचं स्वरूप. प्रेक्षकांना वाटतं, मौसमराव नकाशासमोर उभे आहेत. प्रत्यक्षात ते एका हिरव्यागार, कोऱ्या भिंतीसमोर उभे असतात. नकाशा संगणकात असतो. बाजूच्या पडद्यात स्वतःलाच चोरून बघत, कुठलाही प्रांत नसलेल्या जागी बोट ठेवून ते म्हणतात, ‘राजस्थान में लू का प्रकोप.’ या धंद्यात अंगावर हिरवं घालायचं नाही, कारण जिथे हिरवं तिथे नकाशा. सासरहून दिवाळसणाला आलेला हिरवा टाय त्यांनी एकदा प्रेमानं बांधला. त्या रात्री छातीच्या मधोमध झाशी दिसत होती आणि तिथे ढगांचा गडगडाट होता. तेव्हापासून सासरकडच्या भेटवस्तू रंग बघून स्वीकारल्या जातात.

सासर पुण्याचं. स्थळ बघताना ‘मुलगा टीव्हीवर असतो’ असं सांगितलं गेलं, त्यावर ‘किती वेळ?’ असा प्रश्न आला होता. सासरेबुवांच्या मते खरं हवामान खातं पुण्यालाच आहे, दिल्लीत नुसती पाटी. यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. १८७५ साली कलकत्त्यात स्थापन झालेलं हे खातं सिमल्याला जाऊन पुढे १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला हललं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. लोधी रोडच्या मौसम भवनाचा विषय निघाला की सासरे म्हणतात, ‘हो, ते आमच्याकडून गेलेले.’ आणि फोन ठेवताना विचारतात, ‘उद्या छत्री घेऊ का?’

हा प्रश्न पुणेकर विचारतो तेव्हा त्याला माहिती हवी असते. दिल्लीकर विचारतो तेव्हा त्याला काम करून हवं असतं. मौसमरावांच्या आयुष्यातला सगळा घोळ या फरकात आहे. दिल्लीत गॅसच्या सिलिंडरपासून नर्सरीच्या प्रवेशापर्यंत सगळं कुणाच्या तरी ओळखीनं होतं. तिथे पाऊस तेवढा ओळखीशिवाय पडत असेल यावर कोण विश्वास ठेवणार? इंदिरापुरमच्या सोसायटीत मौसमराव म्हणजे ढगांच्या खात्यात वट असलेला माणूस. मग पाऊस लांबला, की तो त्यांनी अडवलेला असतो.

२०२१ चा जून-जुलै आठवला की त्यांच्या पोटात अजून गोळा येतो. दिल्लीत मान्सून यायची सरासरी तारीख २७ जून. त्या वर्षी खात्यानं सांगितलं, १५ जूनच्या सुमारास येईल. मौसमरावांनी जरीचं जाकीट घालून ती बातमी दिली. पंधरा तारीख गेली. पश्चिमेकडून कोरडे वारे आले आणि मान्सून उत्तर भारताच्या उंबऱ्यावर बसून राहिला. रोज नवा अंदाज, रोज ‘पुढच्या चोवीस तासांत’. जूनअखेर मौसमराव लिफ्ट सोडून जिन्यानं चढायला लागले. जुलै उजाडला तेव्हा भाजीवाला त्यांना दुधी देताना म्हणाला, ‘ले जाइए साहब, यह भी चौबीस घंटे में पक जाएगा.’ १० जुलैला येणार होता, नाही आला. अकराला नाही, बाराला नाही. अखेर १३ जुलैला खात्यानं मान्सून दिल्लीत पोचल्याचं जाहीर केलं. एकोणीस वर्षांतला सर्वांत उशिराचा. त्या दिवशी सोसायटीत कुणी त्यांचं अभिनंदन केलं नाही. सगळ्यांनी ‘इतका उशीर का केलात’ एवढंच विचारलं.

वाहिनीला मात्र हवामान शांत असलेलं चालत नाही. हिवाळ्यात दिल्लीला पाऊस देणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत येतात. मौसमरावांनी हे साधेपणानं समजावलं. अँकरच्या कानात नेमका एकच देश शिरला, आणि रात्री पडद्यावर पट्टी झळकली : ‘सरहद पार से आया तूफ़ान!’ पाऊस पडला दोन मिलिमीटर.

मग आलं २०२४, मौसमरावांच्या कारकिर्दीचं सुवर्णवर्ष. २९ मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. दीड मिनिटाचा माणूस एकदम नऊच्या बातम्यांत सर्वांत वर. मागे ज्वाळा, बाजूला फुटणारा थर्मामीटर, आणि मधोमध घाम पुसणारे मौसमराव. स्टुडिओतला एसी अठरावर. पुढे तपासणीत निघालं, की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. ही दुरुस्ती पडद्याच्या तळाशी सोन्याच्या भावामागून मुकाट सरकत गेली. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ अंश होते, हा आकडा खरा होता आणि भयंकरही होता. पण बावन्ननंतर सेहेचाळीस ऐकायला कोण थांबतो?

महिना सरला नाही तोच, २८ जूनला, सफदरजंगला चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस कोसळला. अख्ख्या जूनची सरासरी ७४ मिलिमीटर. म्हणजे तीन जून एका दिवसात. मौसमरावांना मिंटो ब्रिजखाली पाठवलं गेलं. पावसाळ्यात या पुलाखाली गाडी बुडल्याशिवाय दिल्लीला पाऊस पडल्यासारखा वाटत नाही. रेल्वेच्या दप्तरी याच जागेचं नाव शिवाजी ब्रिज, आणि मौसमराव थेट प्रक्षेपणात ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत. ते उभे होते तिथे पाणी पोटरीपर्यंतच होतं. कॅमेरामन म्हणाला, ‘सर, थोड़ा बैठ जाइए.’ ते बसले. देशानं पाहिलं, दिल्लीत कमरेएवढं पाणी.

इकडे गावी त्यांची किंमत काय? आई पंचांग उघडून मृगाचं वाहन बघते. म्हैस किंवा बेडूक निघाला तर खूश, कोल्हा निघाला तर चेहरा पडतो. वडील व्हॉट्सअॅपवर पंजाब डखांचा अंदाज ऐकतात. डख परभणीचेच, शिवाय मराठीत बोलतात. मुलगा हिंदीत दिल्लीचा पाऊस सांगतो, तो वडिलांच्या सोयाबीनवर थोडाच पडणार! दर जूनमध्ये मौसमराव फोनवर विनवतात, ‘अण्णा, पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका.’ अण्णा ‘बरं’ म्हणतात आणि शेजारच्यानं तिफण काढली की दोन सरींवर पेरून मोकळे होतात. दुबार पेरणीचं बियाणं मग मौसमरावांच्या पगारातून जातं. त्यांच्या अंदाजावर खरा पैसा लागतो तो एवढाच, आणि तोही अंदाज न ऐकल्यामुळे.

घरात तर त्यांची भाषाच बिघडलेली. खात्याच्या हिशेबात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर पाव केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे अर्ध्यापर्यंत. ‘घरकामात तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला त्यांनी एकदा ‘तुरळक ठिकाणी मदत’ असं उत्तर दिलं. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. रंगानं सांगायचं तर यलो सोडून थेट रेड. कुरडया वाळत घालताना ती यांना विचारत नाही, मालद्याहून आलेल्या कामवालीला विचारते. एप्रिलमधल्या एका दुपारी कामवाली म्हणाली, ‘दीदी, उठा लो’, आणि अर्ध्या तासात धुळीची आंधी आली. मौसमरावांच्या मोबाइलवर तेव्हा ‘आकाश निरभ्र’ होतं.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना थोडा मान मिळतो, तोही उसना. कुणीतरी ज्येष्ठ हमखास सांगतात, ‘मान्सूनचं सोळा घटकांचं मॉडेल कुणी दिलं? आपल्या वसंतराव गोवारीकरांनी!’ हे खरं आहे. १९८८ पासून खातं त्याच मॉडेलवर मान्सूनचा अंदाज द्यायचं आणि वर्षानुवर्षं ते जमत गेलं. मग २००२ साली अंदाज होता नेहमीइतक्या पावसाचा आणि पडला दुष्काळ. तेव्हा खात्याचे महासंचालक होते डॉ. रंजन केळकर. म्हणजे मॉडेलही आपलं आणि उत्तर द्यायची पाळीही आपलीच. मौसमराव हा दुसरा भाग मोदक तोंडात घालून गिळतात.

पण परवा जे झालं त्यानं त्यांचा दिल्लीतला मुक्काम पक्का झाला म्हणायला हरकत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न वसंत पंचमीला, छतरपूरच्या फार्महाऊसवर, उघड्या लॉनवर. सेक्रेटरी घरी आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, ‘भाईसाहब, बारिश का कुछ देख लीजिए.’ मौसमरावांनी लॅपटॉप उघडला, तीन मॉडेलं पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘तीस परसेंट.’

सेक्रेटरी विचारात पडले. म्हणाले, ‘तीस तो बहुत ज़्यादा है. अपने घर की बच्ची है. दस में नहीं होगा?’

मौसमराव दहा वर्षांपूर्वीचे असते तर त्यांनी संभाव्यता म्हणजे काय ते समजावलं असतं. ते म्हणाले, ‘देखता हूँ.’ दोन दिवसांनी विक्षोभ उत्तरेला सरकला, तो हिमाचलवरून जाणार असं दिसू लागलं. त्यांनी फोन केला : ‘दस हो गया.’

लग्नात कडक ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी काजूकतलीचा दोन किलोचा डबा आला, सोबत एक बंद पाकीट. पाकीट त्यांनी परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं, की आदमी ईमानदार है, सिर्फ़ मिठाई लेता है. आणि होळीपर्यंत आणखी चार लग्नं असलेले लोक दारात उभे.