पाऊस पडून राहिला होता

मृग लागला की प्रस्तुत लेखकाच्या चेहऱ्यावर साहित्यिक भाव उमटू लागतात. एरवी तो जबलपुरातला एक निवृत्त गृहस्थ. ग्वारीघाटावर फिरून येणारा, गॅसचा नंबर लावणारा, शेजाऱ्यांशी हिंदीत भांडणारा. पण पहिला ढग दिसला की तो जेवणाचं टेबल मागून घेतो. बायको देते, मात्र लोणच्याची बरणी हलवायची नाही या अटीवर.

ढगांमुळे आपल्याला सुचतं, असं तो चारचौघांत सांगतो. खरं कारण संपादकांचं पत्र. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाची प्रतिभा आषाढ-श्रावणात बहरते. यात निसर्गाचा काही हात नाही. अंक दिवाळीत हवा तर मजकूर छापखान्यात कधी जायला हवा, एवढाच हिशेब.

अमेरिकेत १९९९ साली काही हौशी मंडळींनी एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचा घाट घातला होता. पुढे त्यासाठी नोव्हेंबर ठरला. म्हणजे रोजचे १,६६७ शब्द. प्रस्तुत लेखकाचा रोजचा आकडा एकशे चाळीस, खोडलेले धरून. आणि याच जबलपुरात, नेपियर टाउनमध्ये, हिंदी व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई राहत. त्यांची सदरं उन्हाळ्यातही चालत. हे आठवलं की लेखक उठून पंखा वाढवतो.

त्याचा हुकमी विषय म्हणजे भेडाघाटचा धुवांधार. ऐन श्रावणात कोसळणारा, गर्जणारा प्रपात त्याने चार अंकांत चार वेळा कोसळवला. पाचव्या वर्षी, केवळ पाहुण्यांच्या आग्रहाखातर, तो भर पुरात तिथे गेला. प्रपात जागेवर नव्हता. नर्मदेला मोठा पूर आला की खालचं पाणी इतकं चढतं की धबधबा त्यात बुडूनच जातो. दिसतं ते सपाट, गढूळ, धावतं पाणी. पाहुणे विचारत राहिले, “कुठे आहे तो?” लेखक म्हणाला, “माझ्या लेखात.”

यावर एकाही संपादकाने कधी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती एका वाक्यावर. ‘पाऊस पडून राहिला होता’ असं त्याने लिहिलं होतं. छापून आलं ‘पाऊस पडत होता’. सोबत पत्र : तिकडे राहूनही तुमचं मराठी बरंच शुद्ध आहे, क्वचित हिंदी वळण येतं, तेवढं दुरुस्त केलं आहे.

आता हे वळण हिंदीचं असेल, नागपूरचं असेल, दोघांचंही असेल. जबलपूरवरचं नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८१७ साली गेलं. पुढे इंग्रज आले, तेही गेले. १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी असलेलं नागपूरसुद्धा महाराष्ट्रात गेलं. आमच्या घरांत फक्त ‘राहिला’ तेवढा राहिला. आणि ‘पडत होता’ म्हणजे काय हो? तसा पाऊस पुण्यात पडतो. चहा होईस्तोवर थांबतो. ‘पडून राहिला’ तो पाऊस बिछाना घेऊन आलेला असतो. तो भिंतीत शिरतो, पापडात शिरतो, दोरीवरचं धोतर तिसऱ्या दिवशीही त्याचंच असतं. त्याला घाई नाही, परतीचं तिकीट नाही. क्रियापदातच तो पाय पसरून बसलेला असतो आणि संपादकांनी त्याला एका फटक्यात उठवून लावलं! ज्या काशिनाथ मित्रांनी दिवाळी अंक सुरू केला ते मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी आडनावच बदललं. ते चाललं. आमचं एक क्रियापद चाललं नाही.

लेखक रागावला तो मात्र वेगळ्याच कारणाने, आणि ते त्याला रात्री उशिरा कळलं. ते वाक्य त्याचं नव्हतंच. आई दारात उभी राहून म्हणायची, “पाऊस पडून राहिला, छत्री घेऊन जा.” तिचा जन्म इथला, मराठी इथलं. दिवाळी अंक आला की ती आधी अनुक्रमणिका बोटाने चाचपायची आणि मुलाचं नाव सापडलं की तेवढंच पान वाचून अंक शेजारी पाठवायची. तिचं मराठी कुणी दुरुस्त केलं नव्हतं. हे वाक्य छापून आलं तेव्हा ती नव्हती, हे एका परीनं बरंच झालं असं त्याला वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली. त्या रात्री एकशे चाळीसही झाले नाहीत.

यंदाचा लेख त्याच वाक्याने सुरू होतो. संपादकांना चिठ्ठीही लिहून झाली : ‘पहिली ओळ मूळप्रमाणे ठेवावी.’ ‘कृपया’ लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी पाकीट डकवून तो चपला घालू लागला.

बायको माहेरची सातारची. लग्नानंतर वर्षभर ती सासरच्या मराठीला पदरात तोंड लपवून हसली होती.

“अहो, ते पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला,” ती खिडकीतून बघत म्हणाली. “पाऊस पडून राहिलाय.”