पॉइंटकाका

वाढदिवसाला सकाळी सव्वासातला फोन वाजला तर उचलायचा नाही, असं बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या निम्म्या लोकांनी ठरवून टाकलंय. पलीकडे पॉइंटकाका असतात. "हॅपी बर्थडे! एकेचाळीस ने? दहा गेले." फोन बंद.

दहा म्हणजे कॅनडाचे. तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत वयाला गुण आहेत. लग्न झालेल्याला 29 पर्यंत पुरते 100, चाळिशीला 45, एकेचाळिशीला 35 आणि पंचेचाळिशीला शून्य. आता मला विश्वामित्रीचा पूल ओलांडून दांडिया बाजारला जायचाही कंटाळा. मी कसला कॅनडाला जातोय! पण काकांना त्याच्याशी देणंघेणं नाही. गेले ते गेले.

लग्नात तर या माणसाला बोलावूच नये. शेजारचा मुलगा अठ्ठाविसाचा. स्टेजवर पाकीट हातात देऊन काका म्हणाले, "कालपर्यंत एकशेदहा होते, आज शंभर." मुलीच्या वडिलांना वाटलं, हुंड्याचं काहीतरी बोलताहेत. त्यांचा चेहरा बघून काकांनी सावरून घेतलं, "सूनबाईंच्या इंग्रजीचे वीसपर्यंत मिळतात ने, आयेल्ट्सला बसवा." शालू सावरत उभ्या असलेल्या नवरीला आपली परीक्षा लागली आहे हे असं कळलं.

देश बदलला की काकांचा फक्त दर बदलतो. ऑस्ट्रेलियाचे 25 ते 32 वयाला 30, चाळिशीनंतर 15. जर्मनीने जून 2024 मध्ये अपॉर्च्युनिटी कार्ड काढलं, त्यात पस्तिशीच्या आत दोन, चाळिशीपर्यंत एक. अमेरिकेवर मात्र त्यांचा राग आहे. "एच-वन-बीला वय बघत नाहीत. पंच्याऐंशी हजार जागा आणि सोडत! म्हणजे हाऊझीच झाली ने?" सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले, तेव्हा काका दोन दिवस फिरायला आले नाहीत.

बाबासाहेबांनाही त्यांनी सोडलेलं नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913 साली कोलंबियाला गेले. "वय बावीस. लग्न झालेलं, म्हणून शंभर. नाहीतर एकशेदहा!" महाराजांनी परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायचा करार लिहून घेतला होता, हे काका अभिमानाने सांगतात. परत आल्यावर याच बडोद्यात बाबासाहेबांना राहायला धड जागा मिळाली नाही, त्याचे गुण मात्र काकांच्या तक्त्यात कुठे बसत नाहीत.

काका स्वतः कुठे गेले? अहमदाबाद एअरपोर्टपर्यंत. पोरांना सोडायला. 2015 साली, एक्स्प्रेस एंट्री सुरू झाली त्याच वर्षी, त्यांनी स्वतःची फाइल टाकली होती. वय चव्वेचाळीस, गुण पाच. ड्रॉ लागायच्या आधी वाढदिवस आला. पाच गेले, आणि कट-ऑफ चारने हुकला. ऑगस्ट 2024 च्या पुरात सोसायटीत कमरेएवढं पाणी आलं, मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या होत्या, तेव्हा काका स्कूटर सोडून डोक्यावर ती फाइल घेऊन जिना चढले. आत आयेल्ट्सचा निकाल. तो दोनच वर्षं चालतो; हा केव्हाच बाद झालेला.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. अलकापुरीतले कन्सल्टंट ज्याचे हजारो रुपये घेतात ते फॉर्म हा माणूस चहावर भरून देतो. आमच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला एका एजंटाने सांगितलं होतं, टुरिस्ट व्हिसावर दुबईला जा, वर्क परमिट तिकडे गेल्यावर होईल. काकांनी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधलं. नोंदणीकृत एजंटांत ते नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गेले, चार तास एजंटाच्या ऑफिसात बसून राहिले आणि पासपोर्ट घेऊनच उठले. मुलगा तेविसाचा होता. "शंभर असताना टुरिस्टवर जातो?" म्हणून वर त्यालाच झापलं. त्याचं लग्न अठराव्या वर्षापासून ठरलेलं आहे, एवढाच काकांचा आधार.

काकांची मुलगी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. अविवाहित, इंग्रजी फाडफाड. पण "मला इथलंच बरं आहे" एवढंच म्हणते. मागच्या आठवड्यात तिला तीस पूर्ण झाली. म्हणजे एकशेदहावरून एकशेपाच. एवढं आता मलाही तोंडपाठ झालंय. कधी नव्हे ती संधी होती. बरोबर सव्वासातला मी काकांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, किती गेले?"

काकांनी लिल्या चिवड्याची बशी पुढे केली.

"वाढदिवस आहे तिचा," ते म्हणाले. "खा ने."