तात्यांचं चालू खातं

सकाळी साडेनऊला तात्या शटर वर करतात, देवाला उदबत्ती लावतात, झेरॉक्स मशीन गरम व्हायला ठेवतात आणि मग मोबाइल काढून स्वतःच्याच क्यूआर कोडवर एक रुपया पाठवतात. काउंटरवरचा डबा बोलतो, "एक रुपया प्राप्त झाला." तात्या मान हलवतात. "आहे," म्हणतात. म्हणजे खातं अजून जिवंत आहे. ज्या दिवशी डबा गप्प राहतो त्या दिवशी आमच्या गल्लीतलं कुणी झेरॉक्स काढायला जात नाही. एका प्रतीला पाऊण तास लागतो.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्यांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. असे तात्या आता गल्लोगल्ली सापडतात. कुणाचं किराणा, कुणाची पोळीभाजी, कुणाचं मोबाइल रिपेअरिंग. मोबाइलमधली बँक यांना बँक वाटत नाही आणि सोडवतही नाही. पूर्वी बांधावरून भावकीशी भांडणारी, काखेत खटल्याच्या कागदांची पिशवी घेऊन तालुक्याला जाणारी माणसं असत. तात्या त्यांच्याच वंशातले. पिशवीच्या जागी फक्त स्क्रीनशॉट आले आहेत. तात्यांच्या फोनमध्ये नातवाचे फोटो चाळीस आहेत आणि बँकेचे सहाशे.

आधी त्यांचं खातं नाक्यावरच्या सहकारी बँकेत होतं. तिथे एकोणीस वर्षं ते मॅनेजरशी भांडले आणि त्याच मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायलाही उभे राहिले. मग भाच्याने डोक्यात भरवलं. "मामा, दहा मिनिटांत चालू खातं. एक कागद लागत नाही." खरं तर इथेच तात्यांनी सावध व्हायला हवं होतं. त्यांचा संसार लोकांच्या केवायसीवर उभा राहिलेला. पॅनची एक, आधारच्या दोन, लाइट बिलाची एक, गुमास्त्याची एक, असं म्हणत त्यांनी दोन पोरांची शिक्षणं केली. त्या माणसाने झेरॉक्स न मागणाऱ्या बँकेत खातं काढणं म्हणजे कुंभाराने स्टीलच्या पिंपात पाणी भरण्यापैकी होतं.

दहा मिनिटं लागली ती पॅन नंबर टाकायला. मग व्हिडिओ केवायसी. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ही सोय केली तेव्हा, कॅमेऱ्यापुढचा इसम तात्या असू शकतो याचा विचार झाला नसावा. मी तेव्हा पेन घ्यायला दुकानात होतो. पडद्यावर एक मुलगी आली, अत्यंत नम्र.

"सर, आपलं मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा."

तात्यांनी धरलं. कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने लॅमिनेट केलेलं, तेही दोनदा. त्यावर ट्यूबलाइट अशी चमकली की मुलीला तात्यांच्या जागी सूर्य दिसला असावा.

"सर, ग्लेअर येतोय. थोडं तिरपं धरा."

"झेरॉक्स दाखवू का? स्वच्छ आहे."

"नाही सर, मूळच लागेल."

"अहो, मुळापेक्षा स्वच्छ आहे!"

तेवढ्यात एक बाई आत आल्या. "तात्या, आधारच्या दोन काढा, बँकेत द्यायच्यात." मुलगी लगेच म्हणाली, "सर, आपल्यासोबत कुणी आहे का? व्हेरिफिकेशनच्या वेळी दुसरी व्यक्ती चालणार नाही." तात्यांनी डोळ्यांनीच बाईंना थांबवलं. बाईंनी त्याचा अर्थ मशीन बिघडलंय असा घेतला आणि मोठ्याने विचारलं, "मग कधी येऊ?" कॉल तुटला. तिसऱ्या खेपेस तात्या मशीनच्या मागे, कागदाच्या रिमांवर बसले, पांढऱ्या कागदावर सही करून दाखवली, डोळे मिचकावले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिला एवढं वळवलं नव्हतं, असं नंतर म्हणाले.

खातं उघडलं. त्याच रात्री एक वाजता त्यांनी मेहुण्याला शंभर रुपये पाठवले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते हे त्यांनी वाचलं होतं, खात्री करून घ्यायची होती. मेसेजचा आवाज ऐकून मेहुण्याच्या घरातले सगळे उठून बसले. रात्री एकला काय येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पैसे आलेत हे कळल्यावर तर जास्तच घाबरले. तात्यांकडून कधी आले नव्हते.

पहिले तीन महिने मधुचंद्र. चौथ्या महिन्यात ३५४ रुपये कापले गेले. किमान सरासरी शिल्लक ठेवली नाही म्हणून ३०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ५४. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, तो सगळ्याच बँकांना रिझर्व्ह बँकेचा नियम, हे तात्यांना मान्य होतं. "व्याज देऊ नका. पण माझ्याकडे पैसे कमी आहेत म्हणून माझ्याचकडून आणखी घ्यायचे? ही बँक आहे की आमचा घरमालक?" चालू खातं म्हणतात ते खात्याला नव्हे, बँकेला उद्देशून, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला. पुढे महिनाभर त्यांनी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला. मला तीनदा.

ॲपमध्ये तक्रारीला एक चॅटवाली होती. तात्या तिला 'बया' म्हणतात. तात्यांनी लिहिलं, "माझे ३५४ रुपये कुठे गेले?" बयेने विचारलं, "तुम्हाला व्यवसाय कर्ज हवं आहे का?" तात्यांनी लिहिलं, "नको." बया म्हणाली, "छान! आणखी काही मदत?" मग फोन. मराठीसाठी तीन दाबलं की दोन मिनिटं सनईसारखं काहीतरी वाजतं आणि पलीकडून आवाज येतो, "नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?" तात्या म्हणतात, "तीन दाबलंय." तो म्हणतो, "जी सर." तात्या म्हणतात, "तीन!" याच्यापुढे बोलणं फारसं सरकत नाही. खरी पंचाईत निराळीच आहे. आवाज चढवला की तो क्षमा मागतो. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल" हे तर त्याला मराठीतही पाठ आहे. जुना मॅनेजर खुर्चीतून उठायचा, तात्या काउंटरवर हात आपटायचे, शिपाई चहा आणायचा, भांडणाला चढउतार असायचा. हा नुसताच खाली वाकतो. दोन वाक्यांत भांडण संपतं आणि रक्तदाब मात्र वरच राहतो.

मग तात्या अभ्यासाला लागले. दुकानात 'आज रोख उद्या उधार'च्या खाली आता लॅमिनेट केलेलं परिपत्रक आहे, सप्टेंबर २०१९ चं. गिऱ्हाइकाच्या खात्यातून यूपीआयचे पैसे गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर ते पाच दिवसांच्या आत परत जमा व्हायला हवेत. नंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, न मागता. "न मागता" या शब्दांखाली लाल पेनाने दोन रेघा. शेजारी दुसरा कागद, १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेल्या लोकपाल योजनेचा. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर लोकपाल, फोन १४४४८. डबा गप्प राहिला आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण आली की तात्या पाकीट उघडू देत नाहीत. हात धरून भिंतीपाशी नेतात. दोन रुपयांच्या झेरॉक्ससाठी आलेला माणूस बँकिंगच्या कायद्यावर वीस मिनिटं ऐकून, त्याच परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन जातो. तिचे दोन रुपये वेगळे.

तात्यांना सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे ही बँक दिसत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं की आपल्याकडे नुसत्या ॲपला बँकेचा परवाना मिळत नाही, मागे कुठेतरी खरी परवानाधारक बँक असावीच लागते. तात्यांनी पासबुकाच्या पीडीएफवरचा पत्ता काढला आणि गुरुवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, फास्टने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो पकडून लोअर परळला गेले. डब्यात पोळीभाजी होती. काचेची बावीस मजली इमारत. सुरक्षारक्षकाने विचारलं, "किसको मिलना है?" तात्यांना नाव सांगता येईना. बयेचं नाव सांगावं असं क्षणभर वाटलं, असं त्यांनी खासगीत कबूल केलं. शेवटी समोरच्या फुटपाथवर डबा खाल्ला, पाटीचा फोटो काढला आणि परत आले. संध्याकाळी मला दाखवला. "आहे रे. काचेची आहे, पण आहे." आवाजात राग नव्हता. गावी जाऊन कुलदैवताचा कळस लांबून बघून आल्यासारखं काहीतरी होतं.

मागच्या महिन्यात पुन्हा ३५४ गेले तेव्हा मी म्हटलं, "तात्या, बंद करून टाका ना एकदाचं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू घरातली म्हातारी वृद्धाश्रमात ठेवायला सांगितली. पण रात्री त्यांनी ॲप उलटंपालटं केलं आणि सकाळी मला हाक मारून आत बोलावलं. चेहरा फुललेला.

"बघ. उघडायला कागद लागत नाही. बंद करायला लागतो!"

खरंच होतं. फॉर्म डाउनलोड करा, छापा, शाईने सही करा, रद्द केलेला चेक जोडा, पॅनची स्वसाक्षांकित झेरॉक्स जोडा, पाठवा. तात्यांनी फॉर्म छापला, आतून बाहेरून वाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सही न करता परिपत्रकांच्या शेजारी टांगला.

तो अजून तिथेच आहे. त्याच बँकेने त्रासलेले तिघेचौघे आठवड्याला त्याची प्रत मागायला येतात. फॉर्म दोन पानी, चार रुपये. तात्या क्यूआर कोड पुढे सरकवतात, आणि डबा बोलेपर्यंत प्रत हातातून सोडत नाहीत.