शेठ, काटा परत लावा

तांबाकाट्यावर हंडे-कळश्या, मग झवेरी बाजारात आधी चांदी आणि शेवटी सोनं, हा आमच्या गिरगावच्या आत्याचा लग्नसराईतला ठरलेला रस्ता. आवर्तसारणीच्या अकराव्या उभ्या रांगेत वरून खाली उतरलं की हेच लागतं: तांबं 29, चांदी 47, सोनं 79. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकेकटा इलेक्ट्रॉन, म्हणून तिघंही वीज वाहून नेण्यात पटाईत. कळशीच्या पितळेतलं जस्त 30 नंबरचं, म्हणजे तांब्याच्या भिंतीला भिंत. सोयरीक शेजारातच जमली.

सराफाने वजन सांगितलं की आत्या म्हणते, "शेठ, काटा परत लावा." फरक कधी निघत नाही. तिची खोड जात नाही.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हची खोड हीच. 1869 मध्ये त्याने तेव्हा ठाऊक असलेली 63 मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली आणि सारख्या गुणांची एका रांगेत घेतली. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड भरलं, तरी आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनच्या भावकीतलं म्हणून त्याला नंतरच बसवलं आणि काटा चुकला असणार म्हणून मोकळा झाला. काटा चुकला नव्हता! पण जागाही बरोबरच होती, कारण क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा, हे मोझ्लीने 1913 मध्ये दाखवलं.

जिथे बसायला कोणी नव्हतं तिथे मेंडेलीव्हने, साहित्य संघात नाटकाला टाकतात तसा, रुमाल टाकून ठेवला. ॲल्युमिनियमखालच्या रुमालावर 1875 मध्ये गॅलियम येऊन बसलं. शोधणाऱ्या फ्रेंच गृहस्थांनी घनता काढली 4.7. मेंडेलीव्हने ती धातू डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. तरी त्याने कळवलं की पुन्हा मोजा, 5.9 च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली आणि तेवढीच आली. (हे आत्याला सांगू नये.) गॅलियम तिशीच्या आतच वितळतं. मे महिन्यात गिरगावात त्याची बांगडी घातली तर दुपारपर्यंत ओघळून हातभर व्हायची.

मँगनीजखालचा रुमाल मात्र 1937 पर्यंत पडून होता. तिथलं टेक्नेशियम माणसाला स्वतःच घडवावं लागलं. हल्ली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी स्कॅनसाठी ते टोचतात. आत्याच्या हाडांचा स्कॅन निघाला तेव्हा मी तिला आधीच समजावलं, की घाबरू नकोस, दर सहा तासांनी ते निम्मं होतं.

"निम्मी घट?" आत्या ताडकन उठून बसली. "आणि पैसे पूर्ण वजनाचे?"