प्लेकाका

पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एखादे गृहस्थ दुसऱ्याच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबून ती मागे-पुढे हलवताना दिसले, तर वॉचमनला हाक मारू नये. ते चोर नव्हेत, चोर इतका वेळ लावत नाही. ते प्लेकाका. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात अख्खी नोकरी क्वालिटीला झाली. आता निवृत्त आहेत, आणि मायक्रॉनची सवय लागलेल्या डोळ्यांना घरात मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. सुनेच्या पोळ्यांचे व्यास मोजून झाले. त्याचे परिणामही भोगून झाले.

“तुझ्या गाडीत प्ले आहे” हे त्यांचं पहिलं वाक्य. प्ले म्हणजे सांध्यातला ढिलेपणा. ज्यानं “कुठे?” असं विचारलं, त्याचा रविवार गेला.

कारण ‘कुठे’ हाच काकांचा प्रांत. ब्रेक लावला की पुढून ‘टक्’ असा आवाज येतो, तो सगळ्यांनाच ऐकू येतो. पण गुन्हेगार तीन-चार आणि आवाज सगळ्यांचा सारखाच. कोपऱ्यावरचा मेकॅनिक तक्रार अर्धी ऐकतो, पाना घेतो आणि थेट कोनसेट, म्हणजे हँडलच्या सांध्यातलं बेअरिंग, कसतो. इथे काकांचा रक्तदाब वाढतो. दोष शॉकअपमध्ये असताना कोनसेट आवळला, तर आवाज तसाच राहतो, वर हँडल जड होतं आणि सिग्नलला हळू चालवताना गाडी नवशिक्यासारखी झोके खाते. हे काकांनी त्या मेकॅनिकला अनेकदा समजावलं आहे. तो त्यांना “साहेब” म्हणतो आणि ते येताना दिसले की कॉम्प्रेसर चालू करतो.

काकांची तपासणी मात्र बघण्यासारखी असते. मालकानं ब्रेक दाबून गाडी हलवायची आणि काकांनी डोळे मिटून एक बोट हँडलखाली, जिथे टी, म्हणजे शॉकअप धरणारा आडवा भाग, फ्रेमला भिडते त्या सांध्यावर ठेवायचं. बोटाला टिचकी बसली की कोनसेट ढिला. नाही बसली, तर बोट खाली सरकतं, शॉकअपचा पाइप खालच्या नळीत, म्हणजे बॉटममध्ये, शिरतो तिथल्या डस्ट सीलवर. टिचकी तिथे लागली तर पाइप किंवा बुश झिजला. दोन्हीकडे शांतता असेल तर बहुधा कॅलिपरमधले पॅड हलताहेत. त्याला काका “किरकोळ” म्हणतात आणि त्यांचा चेहरा पडतो.

मग गाडी डबल स्टँडवर जाते. पुढचं चाक उचलायला मागे वजनदार माणूस बसवावा लागतो. सोसायटीच्या खजिनदारांचा जनतेला झालेला हा एकमेव प्रत्यक्ष उपयोग. काका खाली बसून अॅक्सलजवळ शॉकअपचे दोन्ही पाय धरतात आणि ओढतात, ढकलतात. मग हँडल एका बोटानं सावकाश फिरवतात. बरोबर मधोमध ते किंचित अडलं, तर काका जिंकले. गाडीचं आयुष्य बहुतेक सरळच जातं. त्यामुळे छर्रे त्याच जागी बसून प्रत्येक दणका खातात, ग्रीस वाळतं आणि कोनात खळगे पडतात. “महापालिकेनं रस्त्यातला खड्डा बुजवला असेल, पण तो तुझ्या कोनसेटमध्ये शिल्लक आहे,” असं सांगून ते नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या बाजाराची वाट दाखवतात. खळगा कसून जात नाही, सेट बदलावाच लागतो.

एखाद्याला वाटेल, काकांना शून्य प्ले हवा असतो. उलट, त्यावर त्यांचं भाषणच ठरलेलं आहे. ते १९३५ सालच्या बीएमडब्ल्यू आर १२ पासून सुरू होतं, कारण तेलानं दणका जिरवणारा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे आपला शॉकअप, कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला पहिल्यांदा बसला तो तिथे. नळीत नळी सरकायची तर फट लागणारच, फट नसेल तर फोर्क अडकून बसेल. प्रश्न फक्त किती, एवढाच. बऱ्याच साध्या गाड्यांत बदलता येईल असा बुशही नसतो. पोलादी पाइप थेट अॅल्युमिनियमच्या बॉटमवर घासतो आणि झिजतो तो बॉटमच. ही बातमी सांगताना काकांचा आवाज निष्णात सर्जनसारखा खाली येतो.

पाइपवर तेलाचा ओघळ दिसला की खिशातून निघते जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह. ती सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवली की अडकलेली माती बाहेर येते, आणि पुष्कळदा गळती तेवढ्यावर थांबते. नाहीच थांबली, तर पाइपवरून नख फिरवायचं. गंजाच्या खड्ड्यात नख अडकलं तर नवं सीलही फाटणार. मेव्हण्याच्या लग्नातली अख्खी पंगत अशी लोकांच्या शॉकअपमध्ये खर्ची पडल्याचं काकूंना अलीकडेच कळलं.

गेल्या रविवारी एक डिलिव्हरीवाला मुलगा सापडला. गाडी शंभर सीसीची, आवाज दोन ठिकाणचा, काकांची दिवाळी.

“काका, ऑर्डर लेट होतेय.”

“अरे, पोहोचलास तर लेट होईल ना!”

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून विचारणा झाली, “आमचा नाश्ता कुठंय हो?”

काकांनी बोट सांध्यावरून न काढता मान वर केली. “इथेच आहे. जरा खाली या तुम्ही, मागे बसायला माणूस हवाय.”